प्रबंधमुद्रणांतील अन्योन्यनिर्देश : प्रतीक व अंक

जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्या व तीं छापून काढणाऱ्या मंडळींस अंकांचें महत्त्व सांगावयास नको. रुमालाचा अंक, पोथीच्या पत्राचा अंक, छापील खंडांतील लेखांक, इतक्या अंकांच्या आधारावर आपलें सर्व बोलणें चालतें. विधानाखालीं ‘लेखांक अमुक पहा’ असें लिहिलें कीं विधानाचा भार त्या निर्देशावर पडतो. निर्देश बरोबर असेल तर वाचक मूळ कागदापर्यंत पोंचतो व स्वतः निर्णय करितो. तो चुकला तर वाचक भलत्याच कागदापुढें जाऊन उभा राहतो, आणि लेखकास खोटा ठरवितो किंवा भलत्या कागदावरून भलताच अर्थ घेऊन परत फिरतो. हा दोष नवा नाहीं. परंतु हल्लीं प्रबंध स्वतः लेखकच संगणकावर जुळवीत असल्यामुळें त्यास एक नवें रूप आलें आहे. त्या रूपाचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुनी पद्धति पाहूं. आपल्या शास्त्रकारांनीं परस्परनिर्देश विपुल केले आहेत, पण ते बहुशः अंकानें केलेले नाहींत. पाणिनीच्या सूत्रांवर लिहिणारे प्राचीन टीकाकार सूत्राचा निर्देश त्याच्या शब्दांनींच करितात. आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद व पादांतील सूत्र अशी तीन अंकांची खूण ही छापील ग्रंथांच्या काळांत रूढ झालेली सोय आहे. भाष्यें व टीका श्लोकाचा आरंभींचा शब्द घेऊन विवरण सुरू करितात; त्यासच आपण प्रतीक म्हणतों. प्रतीकाचा गुण हा कीं, पदार्थ जागेवरून हलला तरी त्याचें नांव बदलत नाहीं. अंकाचें तसें नाहीं. अंक हा वस्तूचा गुण नसून तिच्या स्थानाचा गुण आहे. शेजारी बदलला कीं अंक बदलतो.

याचें सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण भगवद्गीतेचें. तेराव्या अध्यायाच्या आरंभीं अर्जुनाच्या प्रश्नाचा एक श्लोक कांहीं प्रतींत आहे व कांहींत नाहीं. तो धरला तर अध्यायाचे श्लोक ३५ होतात, न धरला तर ३४. परिणामीं त्या अध्यायांतील प्रत्येक श्लोकाचा अंक एकानें पुढेंमागें होतो, आणि ‘१३–७’ असा निर्देश आला असतां कोणती आवृत्ति समोर ठेवावी हें विचारल्यावांचून गत्यंतर नसतें. ब्रह्मसूत्रांची गोष्ट याहून बिकट. शंकराचार्यांच्या पाठांत सूत्रें ५५५, रामानुजाचार्यांच्या पाठांत ५४५ व मध्वाचार्यांच्या पाठांत ५६४ मोजतात. एकानें जेथें दोन सूत्रें मानलीं तेथें दुसऱ्यानें एक मानलें, कीं पुढील सर्व अंक सरकले. तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या छापील आवृत्तींत अभंगांचे क्रमांक जुळत नाहींत, हा तर आपल्यापैकीं प्रत्येकाचा अनुभव आहे. म्हणूनच जाणता मनुष्य क्रमांकाबरोबर अभंगाचें पहिलें चरणही देतो. तात्पर्य, प्रतीक स्थिर व अंक चल. वाचकास मात्र प्रतीकावरून वस्तु शोधणें कठीण व अंकावरून सोपें. या दोहोंचा मेळ कसा घालावा हाच अन्योन्यनिर्देशाचा प्रश्न आहे.

आतां आधुनिक साधनाकडे वळूं. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन गणितज्ञास १९७७ सालीं आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून असमाधान वाटलें व त्यानें स्वतःच जुळणीची एक पद्धति रचावयास घेतली. तिचें नांव टेक. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यानें पुढें जी सुलभ रचना उभारली ती लॅटेक. तिचें मार्गदर्शक पुस्तक १९८६ सालीं निघालें. गणिताच्या व विज्ञानाच्या प्रबंधांत ही पद्धति सर्वत्र रूढ आहे. देवनागरीसाठीं फ्रान्स व्हेलथुइस या डच विद्वानानें १९९१ सालीं टेकबरोबर चालणारी जुळणी केली, आणि २००४ सालीं जोनाथन क्यू याच्या झीटेकमुळें युनिकोड देवनागरी सरळ लिहून छापितां येऊं लागली. तेव्हांपासून इतिहास व भाषा या विषयांचे अभ्यासकही तिचा आश्रय करूं लागले आहेत. याचें एक कारण हेंच कीं, अन्योन्यनिर्देशाचा वर सांगितलेला प्रश्न तिनें मूळ तत्त्वापासून सोडविला आहे.

तें तत्त्व असें. लेखक ज्या ठिकाणाचा निर्देश पुढें करावयाचा त्या ठिकाणीं ‘लेबल’ ही आज्ञा लिहून एक खूण ठेवितो. खुणेचें नांव त्याच्या मर्जीचें. निर्देशाच्या ठिकाणीं ‘रेफ’ ही आज्ञा लिहून तेंच नांव देतो. यंत्र पहिल्या फेरींत सर्व खुणा व त्यांचे अंक एका साहाय्यक फाइलींत टिपून ठेवितें आणि दुसऱ्या फेरींत निर्देशाच्या जागीं अंक बसवितें. व्याकरणाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर खूण ही स्थानी व अंक हा आदेश. लेखक स्थानी लिहितो, वाचक आदेश वाचतो. मध्यें दहा कागद नवे घातले तरी खूण तीच राहते व अंक आपोआप नवा येतो. म्हणजे लेखकास प्रतीक व वाचकास अंक असा दोघांचाही लाभ साधला. इतकी सुंदर व्यवस्था खिळ्यांच्या छापखान्यांत कधींच नव्हती, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

मग दोष कोठें? प्रकरण, विभाग, आकृति, कोष्टक हे जे मूळचे रचनाघटक आहेत त्यांच्याविषयीं फारसा दोष नाहीं. आपलें काम तेवढ्यावर भागत नाहीं. ऐतिहासिक प्रबंधांत मूळ कागद हा मुख्य घटक. त्याशिवाय यादी, टीप, पाठभेद, वंशावळ असे घटक लागतात. ते लॅटेकमध्यें तयार नसतात. अभ्यासकास ते स्वतः रचावे लागतात. अशा स्वकृत घटकांच्या निर्देशांतच घोंटाळा होतो, आणि तो कसा होतो याचें एक उदाहरण माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीसह सांगतों.

एका तरुण अभ्यासकानें वतनाच्या एका वादावरील आपला प्रबंध विद्यापीठास सादर करण्यापूर्वीं मजकडे वाचावयास आणून दिला. वाचन कसोशीचें होतें व मोडी चांगली उतरविली होती. प्रत्येक प्रकरणांत मूळ कागद ‘लेखांक’ या मथळ्याखालीं, प्रकरणाचा अंक व कागदाचा अंक अशा जोड अंकानें दिले होते. तिसऱ्या प्रकरणांत एक महत्त्वाचें विधान होतें : वाद उत्पन्न झाला त्यापूर्वींच वतन दोन्ही घराण्यांकडे समाईक चालत होतें; आधार, लेखांक ३.२. मीं पानें उलटून लेखांक ३.२ काढला. तें एक निवाडपत्र होतें, वाद उत्पन्न झाल्यानंतरचें, आणि त्यांत समाईकपणाचा शब्दही नव्हता. पुढें आणखी पांच ठिकाणीं निरनिराळ्या गोष्टींस तोच लेखांक ३.२ आधार म्हणून दिला होता. मीं समासांत ‘प्रमाणाभाव’ असें लिहिलें व तो सबंध भाग गाळावा अशी शिफारस केली. अभ्यासक भिडस्त होता. त्यानें तो गाळला.

कांहीं दिवसांनीं नवी प्रत घेऊन तो आला तेव्हां जातां जातां म्हणाला, “गुरुजी, तो महजर मला मोठा बळकट वाटत होता. मीं स्वतः उतरला होता.” मीं विचारलें, “कोणता महजर?” तेव्हां उलगडा झाला. समाईकपणाचा स्पष्ट उल्लेख असलेला महजर लेखांक ३.७ म्हणून यथास्थित छापलेला होता. निर्देश मात्र ३.२ असा उमटला होता, आणि बाकीच्या पांच ठिकाणींही तसेंच. जो भाग मीं प्रमाणाभावास्तव गाळावयास लाविला त्यास या प्रबंधांतील सर्वांत सबळ प्रमाण होतें. भाग परत घालण्यास वेळ होता म्हणून निभावलें. नसता तर एक खरी गोष्ट माझ्या शेऱ्यामुळें बुडाली असती.

या चुकीचें मूळ शोधितां पुढील प्रकार आढळला. लॅटेकमध्यें प्रत्येक अंकित घटकामागें एक गणक असतो, आणि ‘लेबल’ ही आज्ञा त्या क्षणीं ‘चालू’ म्हणून नोंदलेला अंक उचलते. गणक एकानें वाढविण्याच्या दोन आज्ञा आहेत. ‘स्टेप-काउंटर’ गणक वाढविते, पण वाढलेला अंक चालू म्हणून नोंदवीत नाहीं. ‘रेफ-स्टेप-काउंटर’ दोन्ही गोष्टी करिते. अभ्यासकानें ‘न्यू-एन्व्हायरन्मेंट’ या आज्ञेनें लेखांक हा घटक रचतांना पहिली आज्ञा वापरली होती. त्यामुळें मथळ्यावर अंक बरोबर छापला गेला. परंतु खुणेनें जो अंक उचलला तो शेवटीं नोंदलेला, म्हणजे विभागाचा होता. महजर विभाग ३.२ मध्यें होता, म्हणून निर्देश ३.२. त्या विभागांतील सहाही कागदांचा निर्देश ३.२ असाच झाला. दुर्दैवानें विभागाचे व लेखांकांचे अंक एकाच धर्तीचे असल्यामुळें लेखांक ३.२ हाही एक खरा कागद अस्तित्वांत होता. चुकीचा पत्ता खऱ्या घरीं घेऊन गेला.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरण्यासारखी आहे. खूण मुळींच सांपडली नाहीं तर यंत्र निर्देशाच्या जागीं ठळक जोड-प्रश्नचिन्ह छापतें व इशारा देतें. ही त्याची प्रामाणिक रीति आहे. पोथींत अक्षर लागलें नाहीं तर सच्चा लेखक जागा कोरी सोडतो, तसेंच हें. पण खूण सांपडली व तिनें चुकीचा अंक उचलला, तर यंत्राच्या दृष्टीनें कांहींच बिघडलेलें नसतें. इशारा येत नाहीं. प्रश्नचिन्हें नाहींशीं झालीं म्हणजे निर्देश शुद्ध झाले, अशी जी समजूत अभ्यासकांत पसरली आहे ती सर्वस्वी भ्रामक आहे.

त्याच प्रबंधांत आणखी दोन दोष होते, आणि तेही नित्याचे आहेत म्हणून नोंदवितों. पहिला खुणेच्या जागेचा. प्रत्येक घटक हा एक बंदिस्त आवार आहे. आंत नोंदलेला चालू अंक आवार संपतांच विसरला जातो. खूण घटकाच्या समाप्तीनंतर लिहिली तर ती पुनः विभागाचाच अंक उचलते. गणकाची आज्ञा बरोबर असूनही ही चूक होते, आणि तीही मुकाट्यानें. म्हणून खूण घटकाच्या आंत, आरंभाच्या लगत ठेवावी. जेथें आकृतीस मथळा असतो तेथें मथळ्यानंतर ठेवावी, कारण आकृतीचा अंक मथळ्याबरोबर वाढतो.

दुसरा दोष नांवाचा. ‘रेफ’ केवळ अंक देते. ‘टीप’ कीं ‘यादी’ हें लेखकानें हातानें लिहावयाचें. एखादी टीप वाढत जाऊन तिची यादी केली, तर अंक आपोआप बदलतो, पण हातानें लिहिलेलें ‘टीप’ हें नांव जागोजाग तसेंच राहतें. हें टाळण्यासाठीं हायपर-रेफ या जोडसंचांतील ‘ऑटो-रेफ’ ही आज्ञा नांवही स्वतः घालते. परंतु ती नांव ठरविते गणकावरून. या प्रबंधांत यादी व टीप हे दोन घटक ‘न्यू-थिअरम’ आज्ञेनें रचून दोघांस मिळून एकच गणक दिला होता, कीं दोहोंचे अंक एका ओळींत चालावे. परिणाम असा कीं, प्रत्येक टीप निर्देशांत ‘यादी’ झाली. गणितांतील अभ्यासकांसही हाच अनुभव येतो. तेथें उपप्रमेयास प्रमेय म्हटलें जातें. टोबी क्युबिट यानें रचलेला क्लेव्हर-रेफ हा जोडसंच या बाबतींत अधिक विवेकी आहे : प्रमेयसदृश घटकांत गणक एक असला तरी घटक कोणता हें तो वेगळें लक्षांत ठेवितो. मात्र तो प्रमेयांच्या व हायपर-रेफच्या जोडसंचांनंतर, शेवटीं जोडावा लागतो, आणि प्रत्येक स्वकृत घटकाचें एकवचनी व अनेकवचनी नांव त्यास आधीं सांगून ठेवावें लागतें. सांगितलें नाहीं तर तो नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हें छापून आपलें अज्ञान कबूल करितो, हा त्याचा आणखी एक गुण.

येथवरचे दोष कोणत्याही भाषेंतील प्रबंधास लागू आहेत. मराठी प्रबंधास मात्र एक निराळीच अडचण येते, आणि तिचा विचार या साधनांच्या कर्त्यांनीं केला असण्याचा संभव नाहीं, कारण त्यांची भाषा विभक्तिप्रत्ययांची नाहीं. इंग्रजींत नाम व अंक जोडून वाक्यांत कोठेंही ठेवितां येतात. शब्दयोगी अव्यय आधीं येतें व नाम जसेंच्या तसें राहतें. मराठींत प्रत्यय नामामागून येतो व त्यापूर्वीं नामाचें सामान्यरूप होतें. ‘टीप’ हिचें ‘टिपेंत’, ‘यादी’ हिचें ‘यादींत’, ‘पत्र’ याचें ‘पत्रावरून’. यंत्र मध्यें ‘टीप ६’ असें प्रथमान्त रूप घालतें, आणि लेखकाचा प्रत्यय अंकापुढें लोंबकळत राहतो. शिवाय लिंगाचा प्रश्न आहे. ‘तो लेखांक’, ‘ती टीप’, ‘तें पत्र’ : घटकाची जात बदलली तर यंत्र नांव बदलील, पण त्यामागचें ‘वरील दिलेली’ कीं ‘दिलेलें’ हें विशेषण तें बदलूं शकत नाहीं. नांव सुधारलें व व्याकरण बिघडलें, असा प्रकार होतो.

याचा उपाय यंत्रांत शोधण्यापेक्षां आपल्या जुन्या संपादकांच्या वाक्यरचनेंत शोधावा. ते बहुधा निर्देश वाक्याच्या शरीरांत गुंतवीत नसत. विधान पूर्ण करून पुढें ‘पहा लेखांक ४’ असें स्वतंत्र लिहीत. नाम प्रथमान्तच राही. वाक्यांतच आणावयाचा झाला तर ‘लेखांक ४ यांत’, ‘टीप ६ हींत’ असें सर्वनाम मध्यें घालून प्रत्यय त्यास लावीत. दुसऱ्या रीतींत लिंगाचा दोष उरतो, पहिलींत उरत नाहीं. म्हणून यंत्राकडून नांव घालवून घ्यावयाचें असेल तर पहिलीच रीति स्वीकारावी. अनेकवचनी रूपें, म्हणजे ‘टिपा’, ‘याद्या’, ‘पत्रें’, आणि दोन अंकांमधील ‘व’ व ओळीनें येणाऱ्या अंकांमधील ‘ते’ हे शब्द क्लेव्हर-रेफला एकदां सांगून ठेवितां येतात. वाक्यारंभीं मोठें अक्षर घालण्याची जी निराळी आज्ञा त्यांत आहे तिचें देवनागरींत कांहीं प्रयोजन नाहीं.

आतां घटकांच्या गणनेविषयीं. स्वकृत घटकांचे गणक वेगळे असावे कीं एक, या प्रश्नास महाभारताच्या संशोधित आवृत्तीनें फार पूर्वीं उत्तर देऊन ठेविलें आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हें कार्य आरंभिलें. सुकथनकरांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें व संहितेचें काम १९६६ सालीं समाप्त झालें. त्या आवृत्तींत स्वीकृत श्लोकांची गणना एक. कांहीं प्रतींतच आढळणाऱ्या व संहितेंत न घेतलेल्या ओळींची गणना निराळी, आणि त्या अंकावर तारका. मोठे प्रक्षिप्त भाग परिशिष्टांत, त्यांची गणना आणखी निराळी. तारका दिसली कीं हा श्लोक नव्हे हें वाचकास तत्काळ कळतें. अंकाच्या चेहऱ्यावरूनच घटकाची जात ओळखूं यावी, हें येथील मर्म आहे. वर सांगितलेल्या प्रबंधांत लेखांकास केवळ निराळा चेहरा असता, समजा संपूर्ण प्रबंधभर एकच चढता अंक असता, तर ‘लेखांक ३.२’ हा असंभव निर्देश पाहतांच मला यंत्राची चूक कळली असती व अभ्यासकास दोष देण्याचा प्रसंग आला नसता. मूळ कागदांस प्रकरणवार अंक देऊं नयेत, अखंड द्यावेत, असें मी यावरून ठाम म्हणतों. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे जे ४५ भाग सरदेसाई यांच्या संपादनाखालीं निघाले त्यांचा निर्देश आपण भाग व पत्रांक असा करितों. एका भागांत अंक अखंड असल्यामुळें तो निर्देश इतकीं वर्षें अबाधित चालला आहे.

पाठभेदांसारख्या घटकांस तर निराळ्याच साधनाची जरूर आहे, कारण तेथें घटकाचा अंक नको असतो, पृष्ठ व ओळ हवी असते. जॉन लॅव्हॅग्निनो व संस्कृतज्ञ डॉमिनिक वुजास्टिक यांनीं याच कामासाठीं एडमॅक ही रचना केली. तिचीच परंपरा पुढें लॅटेकमध्यें लेडमॅक व रेलेडमॅक या नांवांनीं आली. तींत खूण ओळीस लागते व निर्देशांत पृष्ठ आणि ओळ यांचे अंक येतात. पोथ्यांच्या संपादकांनीं पाठभेद स्वकृत घटकांत कोंबण्यापेक्षां हा मार्ग धरावा.

यावर दोन आक्षेप येतात. कांहीं वृद्ध स्नेही म्हणतात कीं, हा सगळा खटाटोप कशास. अंक हातानें लिहावे व मुद्रितें नीट तपासावीं. त्यांस उत्तर असें कीं, हातानें लिहिलेला अंक त्या दिवशीं बरोबर असतो. दुसऱ्या दिवशीं मध्यें एक कागद आला कीं पुढचे सर्व निर्देश एकदम चुकतात, आणि प्रबंधांत कागद शेवटच्या आठवड्यापर्यंत येतच असतात. तरुण मंडळी याच्या उलट म्हणतात कीं, यंत्र अंक देत असल्यामुळें मुद्रितें तपासण्याचें कारणच उरलें नाहीं. वरील महजराची हकीकत हेंच त्यांस उत्तर. यंत्र खूण व अंक यांचा संबंध जोडतें; विधान व कागद यांचा संबंध जोडणें हें त्याचें काम नव्हे आणि तें त्यास येतही नाहीं.

मला योग्य वाटणारी रीति थोडक्यांत देतों. खुणेच्या नांवांत अंक कधींही घालूं नये. ‘लेखांक-७’ अशी खूण ठेविली तर उद्यां ती लेखांक ९ वर बसलेली असेल व लेखक स्वतःच फसेल. खुणेचें नांव कागदाच्या स्वरूपावरून ठेवावें, जसें ‘महजर-समाईक’. रुमालाचा अंक व दप्तराची इतर ओळख कागदाच्या मथळ्याखालीं स्वतंत्र छापावी. तो अंक यंत्राच्या स्वाधीन करूं नये, कारण तो आपला नसून दप्तराचा आहे. गणक वाढवितांना नोंद करणारीच आज्ञा वापरावी, आणि गणक मध्येंच हातानें शून्यावर आणूं नये. तसें केल्यास संगणकावर वाचणारा दुव्यावर बोट ठेवितांच त्याच अंकाच्या पहिल्या कागदाकडे जातो, छापील अंक बरोबर असला तरी. कच्च्या प्रतींत ‘शो-कीज’ हा जोडसंच लावावा; तो प्रत्येक खुणेचें नांव समासांत छापतो. पोथीच्या पत्राच्या मागील बाजूस डाव्या समासांत ग्रंथाचें संक्षिप्त नांव व पत्रांक लिहिण्याची आपल्या लेखकांची जी चाल होती, तिचेंच हें नवें रूप होय. त्या समासाच्या आधारें प्रत्येक निर्देश एकदां तरी दुसऱ्या मनुष्यानें मूळ कागद काढून ताडून पहावा. आणि ज्या निर्देशावर प्रबंधाचा सिद्धान्त उभा असेल त्याच्यापाशीं अंकाबरोबर कागदाचें प्रतीकही द्यावें : ‘लेखांक ३.७, समाईकीचा महजर’. अंक चुकला तर प्रतीक सांवरून घेतें.

परीक्षकांसही एक विनंति आहे. निर्देश जुळला नाहीं तर ‘प्रमाणाभाव’ लिहिण्यापूर्वीं शेजारचे कागद चाळावे, आणि अनेक निर्देश एकाच अंकावर येऊन पडत असतील तर आधीं जुळणीचा संशय घ्यावा, लेखकाचा नंतर. ही काळजी मीं घेतली नव्हती.

लॅटेकच्या व्यवस्थेविषयीं माझा एकंदर अभिप्राय असा कीं, तिचें तत्त्व आपल्या टीकाकारांच्या प्रतीकपद्धतीइतकेंच निर्दोष आहे, आणि स्वकृत घटकांच्या बाबतींत तिचा उपयोग करणाराच बहुधा अपुरा पडतो. मात्र चूक झाली असतां तिनें गप्प बसणें हें संशोधनाच्या कामीं मोठें न्यून आहे, व तें भरून काढण्याचा भार वाचणाऱ्यावर येतो. ज्यांच्या संग्रहांतील कागद अशा प्रबंधांत छापले जात आहेत त्यांनीं आपल्या कागदाचा निर्देश जेथें जेथें आला असेल तेथें तेथें तो एकदां उघडून पहावा. कागद आपला असल्यामुळें चूक त्यांसच सर्वांआधीं दिसेल.